धाकटीचं दार

ते एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल होतं. त्या वर्षी गल्लीत अकरा घरं फोडली गेली, आणि अकराही भरदिवसा, माणसं कामावर गेलेली असताना. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर केस कापायला खाली उतरले आणि तासाभराने परत आले, तर रेडिओ, भिंतीवरचं घड्याळ आणि गेलेल्या बायकोची सोन्याची साखळी, तिन्ही नाहीशी झालेली. कुलूप मात्र जसंच्या तसं बंद होतं. दारच चौकट सोडून आत आडवं झालं होतं.

मास्तर कुलपाला शिव्या घालत चौथ्या मजल्यावर आले. तिथे कुलूपवाला राहायचा. कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं, आणि गल्लीतली निम्मी कुलपं त्याच्याच हातची होती.

"मास्तर, कुलूप बिचारं काय करणार?" कुलूपवाला म्हणाला. खिशात तो कायम दोन स्क्रू बाळगायचा. ते त्याने तळहातावर मांडले. एक अंगठ्याच्या पेराएवढा, दुसरा चांगला बोटभर. "हा छोटा बघा. तुमची कडी ह्याच्या जिवावर उभी होती. हा लाकडाच्या सालीत रुततो, झालं. एक लाथ बसली की खलास. हा लांब घातला की लाकूड ओलांडून थेट भिंतीत जातो. मग लाथ मारणाऱ्याचाच गुडघा निखळेल."

"मग हे आधी नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, आमच्याकडे आहे काय नेण्यासारखं."

आत मशीनवर बसलेली थोरली खुदकन हसली. थोरली म्हणजे कुलूपवाल्याची बायको. शेजारच्या घरात तिची सख्खी बहीण राहायची, ती धाकटी. सगळी इमारत त्यांना थोरली-धाकटीच म्हणायची, त्यांची खरी नावं बहुधा पोस्टमनलाच तेवढी ठाऊक होती. दोन्ही घरांच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत होती. थोरलीचं शिवणाचं मशीन अलीकडे त्या भिंतीला लागून, आणि पलीकडे धाकटीचा ओटा. थोरली एका दुकानासाठी शर्ट शिवायची, आणि काजं-बटणं धाकटी करायची. काजं करावीत तर धाकटीनेच. टाके मोजायला भिंग लावावं लागे.

धाकटीचा नवरा सात वर्षांपूर्वी "आलोच" म्हणून जिना उतरला होता, तो अजून यायचा होता. त्याबद्दल कुणी काही बोलत नसे. पण त्याचा एक परिणाम असा झाला होता की दारावर थाप पडली की धाकटी हातातलं टाकून पळत जाऊन दार उघडायची. कोण आहे, विचारायची नाही. मग समोर साबण विकणारा असो, मीटर बघणारा असो, पत्ता चुकलेला कुणी असो, तिचा चेहरा क्षणभर पडायचा, आणि मग ती त्याला पाणी विचारायची.

अकरावं घर फुटलं त्या दिवशी थोरलीने नवऱ्याच्या मागे धोशा लावला. "गावाची दारं पक्की करत फिरता. माझ्या बहिणीच्या दाराला अजून तीच जुनी कडी आहे. उद्या कुणी आत शिरून तिच्या डोक्यात काही घातलं म्हणजे?"

"रविवारी करतो."

"रविवारी नाही. उद्या."

त्याने ते दुसऱ्याच दिवशी हाती घेतलं, आणि असं केलं की तसं काम त्याने आयुष्यात दुसरं केलं नसेल. दाराला आतून पत्रा ठोकला. बिजागऱ्यांत पिना घातल्या, म्हणजे बिजागरी कापली तरी दार जागचं हलू नये. दाराच्या जाडीत बसणारं कुलूप, वर एक बोल्ट, खाली एक बोल्ट, आणि मधोमध एक लोखंडी अडसर, सगळे बोटभर स्क्रूंवर, भिंतीत रोवलेले. स्वयंपाकघराच्या खिडकीला गज लावले. दोन दिवस तो दुकानात गेला नाही.

"भाऊजी, मला कैदेत टाकताय का?" धाकटी म्हणाली. "गुन्हा तरी सांगा."

"गुन्हा हाच की तू कुणालाही दार उघडतेस. आता ऐक. किल्ली आतून कुलपात ठेवायची आणि अर्धी फिरवून ठेवायची. म्हणजे बाहेरून दुसरी किल्ली शिरूच शकत नाही."

"आणि ताईकडे माझी किल्ली आहे ती?"

"ती आता खिळ्यावर शोभेला."

दार पक्कं झालं, पण माणूस पक्कं व्हायचं होतं. कुलूपवाल्याची एक रीत होती. कुठलंही दार बसवलं की तो स्वतः बाहेर उभा राहायचा, घरातल्या माणसाला आतून बंद करायला सांगायचा आणि खांद्याने, मुठींनी, लाथांनी ते दार झोडपून काढायचा. दाराची परीक्षा झाली की पैसे. धाकटीच्या बाबतीत त्याने ठरवलं की परीक्षा दाराची नाही, बाईची घ्यायची. कधीही, कुठल्याही वेळी तो येऊन दार ठोकणार, आवाज बदलून काहीबाही सांगणार, आणि ती खुणेचा शब्द ऐकल्याशिवाय उघडणार नाही.

खूण बहिणींनी निवडली. लहानपणी त्यांच्या आजीची कवळी रोज हरवायची आणि रोज पाण्याच्या पेल्यात सापडायची. तेव्हा बाहेरून म्हणायचं, "आजीचे दात कुठे?" आणि आतून उत्तर यायचं, "पेल्यात." मगच दार उघडायचं.

पहिल्या दिवशी धाकटी नापास झाली. कुलूपवाल्याने घोगऱ्या आवाजात "तार आहे, तार" म्हटलं आणि तिने अडसर आणि दोन्ही बोल्ट धडाधड काढले. समोर भाऊजी उभे. ती इतकी खट्टू झाली की कुलूपवाला जिन्यातच खाली बसला. तार म्हणायला नको होतं, हे त्याला उशिरा कळलं. त्यानंतर त्याने तार कधी आणली नाही. तो बोहारणीचा आवाज काढायचा, आगीचा बंब आणायचा, एकदा तर मास्तरांच्या आवाजात "माझे दात हरवलेत" म्हणाला. धाकटी हळूहळू तयार झाली. आता ती उघडत नसेच, वर खलातला पितळी बत्ता घेऊन ओट्यामागच्या भिंतीवर तीन ठोके द्यायची. ठक, ठक, ठक. ते थोरलीसाठी असत. अर्थ असा, की भाऊजी हरले.

अलीकडे थोरली मशीन थांबवून हसायची. पुढे पुढे धाकटीला त्यात इतकी मजा वाटायला लागली की कुलूपवाला परत फिरला तरी तिचे ठोके चालूच. भिंतीला त्या बाजूने खळगे पडले. "भिंत पाडशील गं," थोरली ओरडायची, आणि पलीकडून आणखी तीन ठोके यायचे. सात वर्षांत धाकटी एवढी हसली नव्हती. कुलूपवाला हे ओळखून होता, म्हणूनच दुकानाला जाता जाता चार मिनिटं तो त्या दाराशी खर्चायचा. लोक म्हणायचे, ह्या वयात काय पोरखेळ.

तो दिवस बुधवार होता. साडेनऊला कुलूपवाला पिशवी उचलून निघाला. थोरलीकडे चाळीस शर्टांची घाई होती. मशीन सुरू होतं. नऊ पस्तीसला बॉबिनमधला दोरा संपला म्हणून तिने ते थांबवलं, तेव्हा भिंतीवर ठोके आले. ठक, ठक, ठक. थोरली दोरा ओवता ओवता हसली. थोड्या वेळाने पुन्हा तीन. मग जरा जास्त वेळ गेला, आणि पुन्हा तीन, थोडे हळू.

"पुरे गं आता," थोरली भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "जाऊ दे त्यांना दुकानात. मलाही कामं आहेत."

पलीकडे शांत झालं. थोरलीने पाय मारला आणि मशीन धडधडायला लागलं.

पावणेअकराला ती आठ शर्ट काजांसाठी घेऊन शेजारी गेली. दार वाजवलं. उत्तर नाही. तिला वाटलं, शहाणी झाली आहे. "आजीचे दात कुठे?" ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. मग तिने घरातून खिळ्यावरची किल्ली आणली. ती कुलपात अर्ध्याहून पुढे गेली नाही.

मास्तर त्या वयात चार जिने धावत उतरले आणि कुलूपवाल्याला घेऊन आले. त्याने आधी हाका मारल्या, मग पिशवी उघडली. कुलूप त्याने सहा-सात मिनिटांत भोक पाडून निकामी केलं. त्याने काहीच झालं नाही, कारण अडसर होता. बिजागऱ्या कापल्या. त्यानेही काही झालं नाही, कारण पिना होत्या. मग त्याने पहार घेतली. त्याला प्रत्येक स्क्रू कुठे आहे ते माहीत होतं, आणि म्हणूनच त्याला हेही माहीत होतं की तो निघणार नाही. शेवटी त्याने चौकटीच्या बाजूची भिंतच फोडायला घेतली. विटांचा चुरा त्याच्या केसांत, भुवयांवर साचला. जिन्यात सगळी इमारत गोळा झाली होती. वरच्या मजल्यावरच्या काकू हळूच कुणालातरी म्हणाल्या, "काय मजबूत काम केलंय पण." त्या वाईट मनाने बोलल्या नाहीत. पण ते त्याला ऐकू गेलं, आणि पहार त्याच्या हातात एक क्षण थांबली.

सव्वीस मिनिटं लागली. ती त्याने मोजली नव्हती, मास्तरांनी सांगितली.

भोकातून पहिली थोरली आत गेली, ती अंगाने बारीक होती. धाकटी स्वयंपाकघरात जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळे, श्वास अगदी वरवरचा. उजव्या हातात बत्ता होता. थोरलीने आधी काय केलं? बहिणीला हाक मारली, हे खरं. पण त्याच हालचालीत तिने तिच्या बोटांतून बत्ता सोडवला आणि ओट्यावरच्या खलात ठेवून दिला. का ठेवला, हे तिला पुढे कधीही नीट सांगता आलं नाही. पडलेली वस्तू जागेवर ठेवायची हातांना सवय असते, असं ती स्वतःला सांगायची. मग ती दाराकडे गेली आणि अडसर, बोल्ट काढले.

खाली नेताना धाकटी जिन्यातच गेली, तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मध्ये.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्याने छातीचं काहीतरी सांगितलं, आणि मग सांगू नये ते सांगितलं. "अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित..." त्याने विचारलं, "शेजारी कुणी होतं का? काही आवाज वगैरे?"

"मशीन चालू होतं," थोरली म्हणाली.

कुलूपवाला बाकावर बसला होता. "अर्धा तास," तो म्हणाला. "सव्वीस मिनिटं दाराला, चार मिनिटं जिन्याला." आणि त्याने हिशोब तिथेच मिटवला. त्यात नऊ पस्तीसला जागा नव्हती.

महिनाभर तो दुकानात गेला नाही. मग एके सकाळी पिशवी घेऊन निघाला, तेव्हा थोरलीला बरं वाटलं. पण तो दुकानात नव्हता गेला. तो घराघरांतून फिरत होता, जिथे जिथे त्याने लांब स्क्रू घातले होते तिथे, आणि ते काढून छोटे घालू का असं विचारत होता. अडसर तरी काढून देतो, म्हणत होता. फुकट. ज्यांनी दोन महिन्यांपूर्वी त्याच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या ते आता त्याला दारातूनच परत पाठवत होते.

"माझं दार राहू दे बाबा," मास्तर म्हणाले. "मोठ्या मुश्किलीने झोप यायला लागली आहे."

"मास्तर, तुम्ही एकटे राहता."

"म्हणूनच तर."

"आत काही झालं तर तुमच्यापर्यंत कोण पोचणार?"

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा घेणार का विचारलं. तो न घेताच आला.

थोरली हे सगळं बघत होती. तिने त्याच्यासाठी गरम गरम जेवण वाढावं आणि त्याने ताटाकडे बघत बसावं. मध्येच तो विचारायचा, "वरचा बोल्ट नसता घातला तर तीन मिनिटं वाचली असती, नाही?" किंवा, "पिना घातल्या नसत्या तर बिजागरीतून काम झालं असतं." दर वेळी थोरलीच्या जिभेवर यायचं. एक वाक्य. ते सांगितलं की हा माणूस सुटेल, हे तिला लख्ख कळत होतं. आणि ते सांगितलं की हा माणूस आपल्याकडे कसा बघेल, तेही दिसत होतं. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे वाईट नजरेने एकदाही पाहिलं नव्हतं. ती उठून पाणी प्यायची.

आठ महिने असेच गेले. मग एका दुपारी तो हत्यारं पुसून जुन्या चादरीत बांधताना तिला दिसला. पहार, गिरमिट, छिन्न्या, तेलाची कुपी. भंगारवाल्याला द्यायची म्हणाला. गिरमिटाची मूठ त्याच्या तळहाताच्या आकाराने झिजली होती. ती मूठ बघून थोरलीचा धीर सुटला, किंवा आला, काय म्हणायचं ते म्हणा.

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "अहो, मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नका."

त्याने फडकं खाली ठेवलं.

"त्या दिवशी मशीन बंद होतं. दोरा संपला होता. तिने भिंतीवर ठोकलं होतं. तीनदा तीन. मला वाटलं तुम्ही दारात आहात आणि ती नेहमीसारखी खेळते आहे. मी तिला म्हटलं, पुरे गं. ते तिने ऐकलं. मग तिने ठोकलं नाही. नऊ पस्तीसला. तुम्ही यायच्या दीड तास आधी. तुमच्या दाराने नाही झालं. मी उठून गेले असते तर झालं नसतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं तसं त्याच्या नजरेत काहीच आलं नाही. उलट, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मऊ झाला.

"किती दिवस जुळवत होतीस हे?" तो म्हणाला.

"काय?"

"माझ्यासाठी एवढं अंगावर घेऊ नकोस गं."

"मी खरं सांगतेय. तिच्या हातात बत्ता होता. ठोकत होती ती त्याने."

"बत्ता खलात होता. भिंत फोडून आत आलो तेव्हा मी पाहिला. ओट्यावर, खलात."

"मी ठेवला तो. मी आधी आत गेले ना? मी काढून ठेवला."

"बहीण मरायला टेकलेली, आणि तू बत्ता जागेवर ठेवत बसलीस?" तो किंचित हसला. "असं कुणी करतं का?"

थोरलीने त्याला मनगटाला धरून उठवलं, शेजारच्या घरात नेलं. ते अजून रिकामंच होतं. ओट्यामागच्या भिंतीवरचे खळगे दाखवले. त्याने त्यांवरून बोट फिरवलं.

"हे जुने आहेत," तो म्हणाला. "हा बोहारणीच्या दिवशीचा असेल. हा बंबाच्या." आणि मग त्याला रडू फुटलं, आठ महिन्यांत पहिल्यांदा. थोरली त्याला धरून उभी राहिली. रडता रडता तो तिला म्हणाला, "तू डॉक्टरांसमोर सांगितलंस की मशीन चालू होतं. तू खोटं बोलणारी बाई नाहीस. आज माझ्यासाठी पहिल्यांदा बोललीस, तेही तुला धड जमलं नाही."

त्यानंतर तिने दोनदा पुन्हा सांगून पाहिलं, एकदा रागाने, एकदा तो आजारी असताना. दोन्ही वेळा त्याने तिचा हात थोपटला.

हत्यारं भंगारात गेली. दुकान चपलांच्या व्यापाऱ्याने घेतलं, आणि कुलूपवाला त्याच्याकडेच खोकी रचायच्या कामाला राहिला. आपल्या घराच्या दाराचं कुलूप त्याने काढून टाकलं, साधी कडी ठेवली. ब्याऐंशी साली एकदा चोर आले आणि इस्त्री आणि त्याचे बूट घेऊन गेले. तो म्हणाला, बरं झालं, बूट चावत होते. मास्तर आणखी नऊ वर्षं आपल्या पक्क्या दारामागे सुखाने झोपले आणि भर बाजारात, ओळखीच्या माणसांशी बोलता बोलता गेले. वरच्या मजल्यावरच्या काकू मुलाकडे परगावी गेल्या. धाकटीचा नवरा आला नाही.

कुलूपवाला ब्याण्णव साली गेला. शेवटपर्यंत, कुणी घरी आलं आणि थोरली चहा करायला आत गेली की तो आवाज खाली आणून सांगायचा, "ही काय बाई आहे तुम्हाला कल्पना नाही. माझा गुन्हा स्वतःवर घ्यायला निघाली होती." स्वयंपाकघरात थोरलीला ते शब्दन्‌शब्द ऐकू यायचं. ती कपात साखर घालायची, ढवळायची आणि बाहेर घेऊन जायची.

शेजारच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. थोरलीचं मशीन अजून त्याच भिंतीला आहे, पण ती फारसं शिवत नाही. पलीकडे काही वाजलं, खुर्ची सरकली, डबा पडला, की ती उठते, काठी घेते आणि जाऊन त्यांचं दार वाजवते.

"खिळा ठोकत होतो, आजी," तो मुलगा म्हणतो.

"ठोक," ती म्हणते. "मी नुसती बघायला आले."